एक बोय साफ होईपर्यंत

मला जे जे येतं ते सगळं आयेनं शिकवलं, आणि तिनं ते शिकवलं कारण मी तिच्या पोटची नव्हते. या दोन गोष्टी मी एका दमात लिहिते, कारण तिनंही त्या मला कायम एका दमातच सांगितल्या. आये आठवड्यातून एकदा खडवलीला सुकट विकायला जायची. तिथल्या बायका सुकटीच्या बदल्यात तांदूळ द्यायच्या. अशाच एका बाईची मी मुलगी. ती बाळंतपणात गेली, बाप त्याआधीच कुठे निघून गेलेला, आणि आयेच्या लग्नाला आठ वर्षं होऊन पदरात काही नव्हतं. "त्या दिशी हिरा तांदूळ न घेता पोर घेऊन आली," असं बाजारातल्या बायका हसत सांगायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. तांदूळ चांगलाच असतो.

आमचं घर कोपरच्या पलीकडे, खाडीच्या काठावर. एक खोली, पुढे पडवी, पडवीत बाबांची जाळी टांगलेली. सकाळी उठल्यावर पहिला वास सुकटीचा आणि पहिला आवाज रेती काढणाऱ्या होड्यांच्या पंपाचा. तो आवाज कानात इतका बसला होता की पंप बंद पडला तर आम्ही मान वर करून बघायचो. तांदळाची भाकरी आणि रात्रीचं उरलेलं कालवण, ही आमची न्याहारी. रात्रभर मुरलेलं कालवण ताज्यापेक्षा चांगलं लागतं, हे मी आजही ठाण्यातल्या हॉटेलवाल्यांना सांगते, त्यांना पटत नाही. पावसाळ्यात निवट्या मिळायच्या. चिखलात उड्या मारणारा तो बोटभर मासा आये लसूण-मिरचीवर असा परतायची की काट्यासकट खाल्ला जायचा. चिंबोऱ्या आणल्या की नांग्या माझ्या वाट्याला यायच्या. पाट्यावर ठेवून वरवंट्यानं एकाच घावात फोडायच्या, दोन घाव लागले तर आतलं मांस चिरडतं. हेही मला शिकवलेलं.

बाजारात बसायला ती मला सहाव्या-सातव्या वर्षापासून न्यायची. माशाचा कल्ला कसा उघडून दाखवायचा, लाल दिसला की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पाटीतल्या दुसऱ्या माशांवर पाणी मारत राहायचं. भाव एकदाच सांगायचा. मग गप्प. "बोलल ती हारल," आये म्हणायची. "तू गप बस. तिला घरी जावाची घाई हाय, तुना नाय." मी आठ वर्षांची असताना एक मास्तरीण भाव ऐकून अर्धा रस्ता गेली आणि परत येऊन माझ्याकडून दोन पापलेटं घेऊन गेली. आयेनं त्या दिवशी मला वडा-पाव घेऊन दिला आणि शेजारी पाटी लावून बसलेल्या बाईला सांगितलं, "बग, बाहेरची पोर हाय, पन शिकवला तसा शिकली." माझ्या कानांना तेव्हा त्यातलं 'शिकली' एवढंच ऐकू आलं.

पोहायलाही मला शिकवलं. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे, त्यांची तोंडं लाखेनं बंद केलेली, सुतळीनं माझ्या पाठीला बांधायचे आणि बाबा काठावरून कमरेची दोरी धरून उभे राहायचे. पाड्यातली पोरं काठावर बसून मला चिडवायची. "ए डबेवाली! तुज्यान किती तूप गो?" त्यांच्यातल्या कुणाच्याच पाठीला कधी डबे बांधलेले मी पाहिले नाहीत. ती सगळी चिखलात लोळून, ओहोटीला गुडघाभर पाण्यात मारामाऱ्या करून, एक दिवस आपोआप खोल पाण्यात दिसायची. आमच्या पाड्यात म्हणायचे, खाडीची पोरं पोटातून पोहून येतात. मी खडवलीची, माझ्या पोटात तांदूळ, म्हणून मला डबे. एका पावसाळ्यात मी शिकले. बाबांनी दोरी सोडली ती मला कळलीच नाही. मागे वळून बघितलं तर ते काठावर बिडी पेटवत होते.

त्याच सुमाराला आयेला दिवस गेले. मी त्या घरात आल्यावर दहा-अकरा वर्षांनी. नंदी झाली तेव्हा बाबांनी पाड्याला जेवण घातलं, आणि बाराव्या दिवशी तिला खाडीवर नेलं. आमच्याकडे रीत होती. बाप मुलाला घेऊन पाण्यात उतरतो, तळपाय पाण्यात बुडवतो आणि खाडीला म्हणतो, "बघ गो, आपली हाय." मग ते मूल खाडीचं झालं. खाडी आपल्या माणसाला घेत नाही. मी काठावर नारळाचं ताट धरून उभी होते. मी मध्येच विचारलं, "बाबा, माझे पाय कधी बुडवलेले?" बाबा नंदीचे पाय पुसायला लागले. आये म्हणाली, "तुना दोरी होती ना गो." ती रागानं बोलली नव्हती. ताटातली फुलं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर हात ठेवला.

नंदीला काही म्हणजे काही शिकवलं नाही. सांगते ते अतिशयोक्ती नाही. मी कोयत्यानं सुरमईचे तुकडे पाडत असताना ती पाटीमागे बसून कैरी खायची. मध्येच आपल्या चिरक्या आवाजात ओरडायची, "ताजी बोय! ताजी बोय!" आणि पाटीत बोय नसायचीच, बांगडे असायचे. गिऱ्हाइकं हसायची, तिच्या गालाला हात लावायची आणि बांगडे घेऊन जायची. आये छाती फुगवून म्हणायची, "रगत बोलतं." मी सकाळपासून बसून विकलेले बांगडे कुणाचंच रक्त बोललं म्हणून विकले जात नव्हते. पण मला तिचा राग नव्हता, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे फार लोकांनी उलटं सांगितलं. तिची वेणी मी घालायचे. तिला काटे काढून मी भरवायचे. रात्री तिचे पाय माझ्या पोटावर असायचे. तिला शाळेत घातलं, डोंबिवलीत, बिल्डिंगमधल्या मुलींबरोबर. तिनं खाडीत फार उतरू नये, गणवेश मळतो, असं आयेनंच सांगितलेलं. एकदा मी म्हटलं, "आये, हिला पोवायला शिकवू का? डबे आहेत अजून माळ्यावर." आये हसली. "हिला कशाला? मासलीला कोन शिकवतो? डबे तुज्यासाठी होते."

मी गप्प बसले. माझं तेव्हा चुकलं असं कुणी म्हणालं तर ते मी मान्य करीन.

मला कळायला पुढे वीस वर्षं लागली ती गोष्ट आता सांगते. पाड्यातली पोरं पोटातून पोहून येत नव्हती. आमच्या काठाला उतार होता. घोट्यापासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, असा लांब चिखलाचा उतार, ओहोटीला पन्नास पावलं चालत जाता यायचं. त्या चिखलानं सगळ्यांना शिकवलं, रोज, थोडं थोडं, कुणाला न कळता. मग रेतीच्या होड्या आमच्या काठापर्यंत आल्या. त्यांनी पंप लावून तळ ओढला. काठापासून दहा पावलांवर खड्डे पडले. पोरांना आया पाण्यात जाऊ देईनात, पोरं शाळेत जायला लागली, आणि ज्या गोष्टीनं आम्हाला शिकवलं होतं ती नावेत भरभरून कल्याणच्या बिल्डिंगांना गेली. रीत मात्र तीच राहिली. बाराव्या दिवशी पाय बुडवायचे आणि म्हणायचं, आपली हाय. हे समजून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. आम्हाला मासळी विकायची होती.

नंदी तेव्हा आठ पूर्ण करून नवव्यात होती. दुपारची वेळ, भरतीचं पाणी चढत होतं, रेतीवाले जेवायला बसलेले, त्यामुळे पंप बंद. आये बाजारात, बाबा झोपलेले. मी काठावरच्या दगडावर बसून बोया साफ करत होते, संध्याकाळच्या पाटीसाठी. नंदी शाळेतल्या तीन मैत्रिणींना खाडी दाखवायला घेऊन आली होती. स्वच्छ मोज्यांच्या मुली, चिखलात पाय ठेवायला घाबरणाऱ्या. नंदी बाबांच्या बांधलेल्या होडीवर चढली.

"तुला पोहता येतं?" त्यातल्या एकीनं विचारलं.

"आम्ही कोळ्यांच्या. आम्हाला शिकवत नाहीत," नंदी म्हणाली. "आम्हाला येतंच."

"मग मार ना उडी."

"मारते की."

"गणवेशात? आई मारेल."

नंदीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कपडे भिजवलेस तर आये चामडी सोलेल हां." एवढंच म्हटलं. नंदी हसली, तिनं नाक धरलं आणि उडी मारली.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. नंदी वर आली, हात उंच करून, तोंड उघडं. मग खाली. पुन्हा वर आली. मुली हसत होत्या, मीही हसले. मला वाटलं ती त्यांना भिववते आहे. ती होतीच तशी, पडवीत मेल्याचं सोंग घेऊन पडायची आणि आये ओरडली की उठून बसायची. मी हाक मारली, "नंदे, पुरे झाली नाटकं, वर ये." माझ्या हातात एक बोय होती, शेपटीकडून डोक्याकडे खवले काढत आणलेली, अर्धी झालेली. तिसऱ्या वेळी नुसतं डोकं दिसलं, केस पुढे आलेले. मी त्या बोयीची दुसरी बाजू साफ केली. पोट फाडलं, आतलं काढून फेकलं, कावळा आला. मग माझ्या लक्षात आलं की मुली हसायच्या थांबल्या आहेत.

एक बोय साफ करायला मला तेव्हा जेवढा वेळ लागायचा तो मी नंतर पुष्कळदा मोजला आहे. घड्याळ समोर ठेवून. तो आकडा इथे लिहीत नाही.

मी सुरी टाकून उडी मारली. होडीपासून हातभर अंतरावर, जिथे दोन वर्षांपूर्वी मी उभी राहून चिंबोऱ्या काढायचे, तिथे पाय टेकेना. दोनदा खाली गेले. तिसऱ्यांदा हाताला वेणी लागली, सकाळी मीच घातलेली. तिला वर आणलं, पालथी घातली, पाठ दाबली, पाणी निघालं, चिखल निघाला. रेतीवाले धावत आले, त्यांनी तिला रिक्षात घातलं. त्यांना दवाखान्यापर्यंतही जावं लागलं नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं वाटेतच रिक्षा वळवायला सांगितली.

आये बाजारातून आली ती थेट माझ्यासमोर. नंदीकडे तिनं आधी बघितलं नाही.

"तू कुठं होतीस?"

"काठावर."

"काय करत व्हतीस?"

मी खोटं बोलू शकले असते. बाजारात मी दिवसाला वीस वेळा बोलायचे. "बोया साफ करत होते."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. हातांना खवले चिकटलेले होते, पाण्यात जाऊनही निघाले नव्हते. मग ती जमलेल्या पाड्यातल्या बायकांकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "सख्खी असती तं पाय थांबलं नसतं."

बायकांनी माना हलवल्या. त्या माना मी अजून विसरलेले नाही. त्यातल्या प्रत्येकीनं मला डबे बांधून पोहताना पाहिलं होतं, प्रत्येकीच्या अंगणात मी खेळले होते, आणि सगळ्यांना एका क्षणात कळून चुकलं की माया ही रक्तात असते आणि माझ्या रक्तात ती नव्हती. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, बाजारात ओरडायचे त्याच आवाजात, मयताच्या दारात: "तूच म्हणालीस ना तिला शिकवायला नको! मी विचारलं होतं! डबे माळ्यावर होते! तूच सांगितलंस तिला येतं! तिला येतं असं मी समजले ते कुणामुळे?" बाबांनी मला हाताला धरून मागल्या दारी नेलं. ओट्याजवळून जाताना एक बाई दुसरीला म्हणाली ते ऐकलं, "मयतावर पन भाव करते."

खरं होतं ते. मी भावच करत होते. अपराधाचे दोन वाटे करून एक तिनं घ्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. आज इतकी वर्षं झाली, मला वाटतं माझी मागणी वाजवी होती. पण आये बोलली नाही. मला तिनंच शिकवलं होतं की बोलणारी हरते.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरात राहिले. मला कुणी हाकललं नाही. ताटात माझा वाटा पूर्ण असायचा, चिंबोऱ्यांच्या नांग्यासुद्धा. फक्त आये माझ्याशी आवश्यक तेवढंच बोलायची, आणि तिला फार थोडं आवश्यक वाटायचं. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिनं बाजारातली जागा बाबांच्या पुतण्याच्या बायकोला दिली. त्या बाईला बोय आणि खरबी यांतला फरक कळत नव्हता. मी विचारलं, "मी काय कमी केलं?" आये पाटी धूत होती. म्हणाली, "ती घरची हाय." मी त्याच आठवड्यात निघाले. कल्याणला लिलावात उभी राहिले, सगळे पुरुष, मी एकटी बाई. शिव्या दिल्या, खाल्ल्या. मग ठाण्याच्या हॉटेलांना माल घालायला लागले, टेम्पो घेतला, मग दुसरा. मला कुणी एक काडी दिलेली नाही. हे लिहिताना माझा आवाज चढतो हे मला कळतं. चढू दे.

बाबा गेल्यावर मी दर आठवड्याला कोपरला जायला लागले. आये आता पडवीत बसून असायची. पंप बंद झालेले, रेती संपलेली, खाडीचं पाणी काळं. मी जाताना चांगला मासा न्यायचे. ती आधी कल्ला उघडून बघायची. माझ्यासमोर, माझाच मासा. मग आम्ही दोघी गप्प बसायचो. एक तास, दीड तास. दोघींनाही ठाऊक होतं की कशासाठी बसलो आहोत. मी एका वाक्यासाठी जात होते. ते वाक्य लहान होतं आणि तिला ते द्यायला काहीही लागत नव्हतं. "तुजी चूक नव्हती" इतकंही नको होतं मला. "माजी पन व्हती," एवढ्यावर मी उठले असते. अर्ध्या भावात.

शेवटी मीच हरले. त्या दिवशी मी जिताडा नेलेला, मोठा, चंदेरी. ती त्याला मीठ लावत होती. मी म्हटलं, "आये, एक विचारू? मी तुझ्या पोटची असते, आणि तू मला रोज सांगितलं असतंस की हिला पोहता येतं, हिला शिकवायचं नाही, तर मी धावले असते?"

तिनं मिठाचा हात थांबवला नाही. जिताड्याच्या एका बाजूला मीठ लावून झालं, मग तिनं तो उलटला आणि दुसऱ्या बाजूला लावायला लागली. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही.

"धावना काय शिकवाचा असता गो?" ती म्हणाली. "त्या असता नायतं नसता."

मग तिनं मासा अर्धा कापला आणि एक तुकडा फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला, मी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. ती पुढच्या पावसाळ्यात गेली. अंत्यविधीला मला मागे उभं केलं, आणि मी मागे उभी राहिले.

मधल्या वर्षांत माझंही लग्न झालं, मुलगी झाली. तिला मी चौथ्या वर्षी पोहायला घातलं. तलावाच्या कडेला मी उभी असायचे, चपला काढून, पदर खोचून. तिथला शिकवणारा चिडायचा. "ताई, तुम्ही मागे बसा ना, तिला भीती वाटते तुमची." मी मागे बसायचे आणि पुन्हा पुढे यायचे. पाण्यात कुणाच्याही मुलानं हात वर केला की मी दोन पावलं पुढे. एकदा तर साडीसकट उतरले, आणि तो मुलगा नुसता हसत होता. त्याच्या आईनं मला रुमाल दिला आणि म्हणाली, "केवढी माया हो तुम्हाला." मी तिला काही सांगितलं नाही.

कारण ही माया आहे की सवय, हे मलाच ठाऊक नाही. त्या दुपारनंतर मी जे धावते ते शिकून धावते. घरात भांडं पडलं तरी हातातली सुरी ओट्यावर टाकून उठते. अर्धी साफ केलेली मासळी तशीच पडून राहते, मांजर नेतं, मुलगी ओरडते. त्या दुपारच्या आधी माझ्यात काय होतं, किंवा नव्हतं, ते बघायची एकच वेळ आली होती. तेव्हा माझे पाय आयेनं शिकवलेलं ऐकत होते की माझं रक्त ऐकत होते, हे सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. आयेचं उत्तर तेवढं आहे. मी ते घेतलेलं नाही. पण परत करायलाही कुणी नाही.